श्टुटगार्टात फोडलेला भोपळा

आकुर्डी, २ ऑगस्ट १९५६

साहेबांनी आज केबिनमध्ये बोलावलं. परवा ड्रिल मोडलं त्याच्या शिव्या बसणार, असं धरून मी आधीच तोंड पाडून गेलो. तर उद्धवराव म्हणतात, "मुरारी, जर्मनीला जातोस का?"

"कधी निघू?" मी म्हटलं.

कशाला, किती दिवस, हे आधी विचारायचं असतं. मी नंतर विचारलं. साहेब हसले.

हकीकत अशी. चिंचवडच्या आमच्या कारखान्यानं जर्मनीहून एक ग्राइंडिंग मशीन, लोखंडी दांडे घासून मापात आणणारं, मागवलंय. ते उभं करायला एक तर तिकडचा माणूस इथं आणायचा, त्याला बंगला, खानसामा, पंखा सगळं पुरवायचं. नाही तर आमच्यातला एकजण तीन महिने तिकडं शिकायला पाठवायचा. साहेब म्हणाले, "तिथल्या मास्टरनं सही करून दिली पाहिजे, की मुरारी कुटे हे मशीन एकटा उभं करू शकतो. सही आली तर मशीन तुझं आणि फोरमनची जागाही तुझी. नाही आली तर गोरा येईल, आणि तू त्याच्यामागं फडकं घेऊन उभा राहशील."

फडकं! बारा वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला फडकं! सही आणत नाही म्हणजे काय?

चांदभाई मिस्त्रीला सांगितलं. चिंचवडचा चांदभाई माझा गुरू. लेथवर पहिला हात त्यानंच धरून दिला. माणूस सोन्यासारखा, पण अक्षरशत्रू. पगाराच्या दिवशी शाईत अंगठा बुडवतो, तेव्हा मी हमखास म्हणतो, "आले अंगठेबहाद्दर!" मी व्हर्नाक्युलर फायनल पास आहे आणि इंग्रजीत सही करतो, खाली शेपूट ओढून. चांदभाई चिडत नाही. म्हणतो, "बेटा, सही कुनाचीबी कुनीबी करंल. अंगठा दुसऱ्याचा न्हाई करता येत."

आजही तेच म्हणाला. मी म्हटलं, राहू दे तुझं तत्त्वज्ञान.

११ ऑगस्ट

चिंचवड स्टेशनवर अख्खी आकुर्डी आली होती. हार, पेढे, एक फोटो. फोटोत माझे डोळे मिटले असणार, मला माहीत आहे.

बायकोनं, म्हणजे कुशाबाईनं, ट्रंकेत ज्वारीचं पीठ, लसणीची चटणी आणि पत्र्याच्या डबीत हळदीकुंकू घातलंय. म्हटलं, "अगं, मी काय वाण लुटायला चाललोय?" तर म्हणाली, "मला काय इचारता? चांदभाईंनी सांगितलंय."

चांदभाई डब्याच्या खिडकीपाशी आला. आमच्या कारखान्यात खांडेनवमीला मशिनींची पूजा होते. त्या दिवशी मशीन चालवायची नाही, हळदीकुंकू लावायचं, हार घालायचा आणि कोहळ्यात कुंकू भरून तो फोडून दृष्ट काढायची. कोहळा फोडतो चांदभाई. तो मुसलमान, आम्ही बाकी माळकरी, माळ नसलेले, सगळ्या तऱ्हेचे. पण कोहळा त्याच्याच हातानं फुटायला हवा, कारण तो फोडायला लागल्यापासून शॉपमध्ये, म्हणजे आमच्या मशीनखात्यात, कुणाचं बोट गेलेलं नाही. तो म्हणाला, "ज्या मशिनीवर शिकशील ना, तिची नवमी चुकवू नको. मुलूख कंचाबी असू दे, लोखंड ते लोखंड."

मी शब्द दिला. गाडी हलली तेव्हा कुशाबाई दुसरीकडं बघत होती. कुणीतरी ओळखीचं दिसलं असेल.

जहाजावर, १७ ऑगस्ट

परवा स्वातंत्र्यदिन होऊन गेला, हे आज कळलं. बोटीवरच्या आपल्या लोकांनी झेंडावंदन केलं म्हणे. मी तेव्हा बादलीत तोंड घालून पडलो होतो. राष्ट्रगीत कानावर आलं, पण उभं राहवेना.

बोट इटालियन आहे. जेवायला लांबच लांब शेवया देतात, आणि त्यांवर गूळ-दूध नाही, टोमॅटोचा रस्सा! भूक लागली होती म्हणून खाल्ल्या. वाईट नव्हत्या, हे कुशाबाईला सांगणार नाही.

श्टुटगार्ट, २९ ऑगस्ट

पोचलो. बोटीनं इटली, तिथून आगगाडीनं डोंगरांच्या पोटातून इथवर.

मला वाटलं होतं, विलायत म्हणजे सगळं चकचकीत असणार. इथं अर्धं शहर उभं आहे आणि अर्धं पडलेलं. एक चारमजली नवीकोरी इमारत, तिच्या शेजारी नुसती भिंत, भिंतीला खिडकी आणि खिडकीतून आभाळ. लढाई संपून अकरा वर्षं झाली, तरी विटांचे ढीग आहेत. पण ढीगसुद्धा काय रचलेत! आमच्याकडं उभी घरं इतकी सरळ नसतात.

कचेरीतली इंगे नावाची मुलगी स्टेशनवर न्यायला आली होती. तिला इंग्रजी येतं, माझ्याहून थोडं बरं. ट्रामनं जाताना एका रिकाम्या जागेकडं बोट करून म्हणाली, "हे आमचं घर." मी म्हटलं, "कुठंय?" ती पुन्हा तिथंच बोट दाखवत राहिली. मग मला कळलं, आणि इतकं ओशाळं वाटलं की पुढची तीन स्टेशनं मी ट्रामचे दांडेच बघत बसलो.

इथं पुरुषाला हेर म्हणतात आणि बाईला फ्राउ. म्हणजे मी हेर कुटे. आकुर्डीत कळलं तर म्हणतील, मुरारीला सरकारनं फितवला.

३१ ऑगस्ट

इथली माणसं कमालीची आहेत. आज चौकात रस्ता मोकळा, एक गाडी नाही, एक सायकल नाही. वीसएक माणसं काठावर उभी राहून खांबावरच्या लाल दिव्याकडं बघताहेत, आरतीला उभी राहिल्यासारखी. मी चालू लागलो. एका म्हातारीनं कोट धरून मला मागं ओढलं आणि जे काय झाडलं! एक शब्द कळला नाही, पण सूर ओळखीचा होता. आमची थोरली आत्या अशीच बोलायची. मी मुकाट्यानं दिव्याची वाट बघितली.

कुणी काही विचारत नाही, हे मात्र जड जातं. आमच्याकडं नवा माणूस वेशीत शिरला, की पारावरची मंडळी त्याच्या सात पिढ्या बाहेर काढतात. इथं लहान पोरं टकमक बघतात आणि मोठी माणसं, बघत नाही असं दाखवतात. कुणीतरी नुसतं "कुठले पाहुणे?" म्हणावं, असं फार वाटतं.

४ सप्टेंबर

ज्याच्या सहीसाठी आलो त्या मास्टरचं दर्शन झालं. नाव हेबर्ले. साठीचा, उंच, पांढरा डगला. उजव्या अंगठ्याचं वरचं पेर नाही. तरुणपणी मशीननं खाल्लं, असं इंगे म्हणाली.

मला वाटलं, मशीन दाखवेल. त्यानं बिडाचा एक ठोकळा दिला. सपाट पाट्याला निळा रंग लावायचा, ठोकळा त्यावर घासायचा, जिथं निळं लागेल तो उंचवटा हातानं खरवडायचा. असं ठोकळा आरशागत सपाट होईपर्यंत. संध्याकाळी मी तो नेऊन दाखवला. त्यानं थोटा अंगठा वरून फिरवला आणि म्हणाला, "नोख माल."

नोख माल म्हणजे पुन्हा.

१२ सप्टेंबर

नोख माल.

१५ सप्टेंबर

एक चांगली गोष्ट. घरमालकीण फ्राउ क्लाइन हिनं माझ्या दारावर एक लाकडी पाटी टांगली. वर नक्षीदार अक्षरं, खाली फुलं. भाडेकरू पाच आहेत, पाटी माझ्याच दारावर! परदेशचा पाहुणा म्हणून मान दिला असणार. रोज येता-जाता पुसतो.

मास्टर: नोख माल.

२२ सप्टेंबर

पाटी म्हणजे जिना झाडायची पाळी. या गावात घरोघरी ही चाल आहे. दर आठवड्याला पाटी एकाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात जाते, आणि ती ज्याच्या दारावर तो जिना, ओसरी आणि पुढचा रस्ता झाडतो. मी आठवडाभर पाटी पुसली आणि जिना तसाच. वरच्या मजल्यावरची बाई खाली उतरून माझ्या तोंडावर झाडू धरून उभी राहिली, तेव्हा उलगडा झाला.

गडीमाणूस आणि झाडू! पण झाडला. हात आकुर्डीच्या अंगणाचा, तेव्हा दाराबाहेर थोडा सडाही टाकला. शेण नव्हतं, नुसतं पाणी. फ्राउ क्लाइन दारात उभी राहून बघत होती. मग आत जाऊन तिनं दार लावून घेतलं आणि थोड्या वेळानं सफरचंदाचा केक आणून जिन्यावर ठेवला. ठेवायला तिला दुसरी जागा सापडली नाही वाटतं, मला ओलांडून जावं लागलं. संध्याकाळपर्यंत तो तिथंच होता. मग तीच पुन्हा आली, ताटली माझ्या हातात दिली आणि काहीतरी पुटपुटली. शिळा झाला असेल.

६ ऑक्टोबर

ठोकळा पास झाला. मास्टर "गूट" म्हणाला. एवढं एकच अक्षर, पण मी दिवसभर ते चघळत होतो. आता खरं मशीन. आमचंच आहे, चिंचवडला जाणारं. त्याचा राखाडी रंग बघून गलबलून आलं.

मास्टरला मी आवडत नाही, हे मात्र नक्की. बोलत नाही, हसत नाही. जेवताना आपला पाव अर्धा कापून माझ्या पुढ्यात ठेवतो, बहुधा त्याला खपत नसावा. पहिल्या दिवशी पावात डुकराचा सॉसेज होता, मी मान हलवली. तेव्हापासून रोज अंडं असतं. बायकोला अंडी फार आवडत असतील.

आणि विसराळू किती! थंडी पडलीय, माझी बोटं वाकत नाहीत. आज माझ्या बाकावर कुणाचे तरी लोकरी हातमोजे पडले होते. मी प्रामाणिकपणे गेटवरच्या पहारेकऱ्याकडं दिले.

१० ऑक्टोबर

हातमोजे पुन्हा माझ्याच बाकावर. मास्टर शेजारून गेला होता, तेव्हा त्याचेच असणार. पुन्हा गेटवर दिले. माणसानं आपल्या वस्तू सांभाळाव्यात.

१२ ऑक्टोबर

कुशाबाईचं पत्र आलं. लिहिलंय चांदभाईच्या पोरानं, सलिमानं, म्हणजे अर्ध्या चिंचवडनं वाचलेलं. "तेरा तारखेला नवमी. चांदभाई विचारतात, ध्यानात हाय ना? गाय व्यायली. सहीचं काय झालं? तुमची फार — " इथं काहीतरी खोडलंय. शाई सांडली असावी.

मंडईत गेलो. कोहळा या मुलखात नाही. लाल भोपळा मिळाला, चांगला डोक्याएवढा. कोहळा न्हाई तर भोपळा, खंडेराया समजून घेईल.

१३ ऑक्टोबर

संपलं. बोऱ्या वाजला.

पहाटेच शॉपमध्ये गेलो. कुणी यायच्या आत उरकावं म्हटलं. मशीन पुसलं, समोरच्या अंगावर हळदीचं बोट, त्यावर कुंकू. पिवळ्या फुलांची माळ घातली, उदबत्ती लावली. भोपळ्याची वरची चकती काढली, आत कुंकू आणि पाणी ओतलं, मशिनीवरून तीनदा ओवाळला, आणि "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणून जमिनीवर आपटला.

आमची जमीन मातीची. इथली गुळगुळीत सिमेंटची. भोपळा जो फुटला, तो लाल पाणी भिंतीवर, खिडकीवर, माझ्या डगल्यावर आणि तोंडावर. आणि तेवढ्यात सकाळची पाळी आत आली.

त्यांनी काय बघितलं? धूर. मशीन लाल. भिंत लाल. मधोमध मी, हातात सुरा, तोंडावरून लाल ओघळ. एकानं घंटा दाबली. अख्ख्या कारखान्याची मशिनं थांबली. दोघांनी मला झोपवलं. नर्स आली, स्ट्रेचर आलं, बंब आला. नर्स माझ्या टाळूत जखम शोधतेय, आणि मी ओरडतोय, "भोपळा! भोपळा!" एक तगडा गडी माझे पाय धरून बसला होता. शेवटी नर्सनं माझ्या कानामागून एक बी काढली, उजेडात धरली आणि सगळ्यांकडं बघितलं.

मास्टर आला. मशिनीवरचं हळदीकुंकू बघितलं, माळ बघितली, माझ्याकडं बघितलं. नियम असा आहे, की अपघाताची घंटा झाली तर इन्स्पेक्टर येऊन बघेपर्यंत ते मशीन चालवायचं नाही. इन्स्पेक्टर सोमवारी येणार. मास्टरनं मशिनीला दोरी बांधून कुलूप लावलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. साहेबांना काय सांगू? चांगली सही तोंडाशी आली होती, ती मी भोपळ्यानं फोडली.

(एवढं मात्र झालं. मशीन नवमीला बंद राहिलं.)

१४ ऑक्टोबर

दसरा. मोठ्या बागेत एक झाड आहे, त्याची पिवळी पानं थेट आपट्यासारखी मधोमध दुभंगलेली. मूठभर वेचली. सोनं द्यायचं कुणाला? फ्राउ क्लाइनला एक दिलं, वाकून नमस्कार केला. तिनं ते त्यांच्या धर्माच्या पोथीत घालून पोथी मिटून टाकली. पान आवडलं नाही वाटतं.

घरची इतकी आठवण कधी आली नव्हती. रडलो. लिहून ठेवतो, कुणी वाचणार नाही.

१५ ऑक्टोबर

इन्स्पेक्टर येऊन गेला, मशीनचं कुलूप निघालं. मग मास्टरनं बोलावलं, इंगेला मध्ये बसवलं. मी सगळं सांगून टाकलं. मशिनीचा विसाव्याचा दिवस, दृष्ट, कोहळा, चांदभाई. इंगेला दृष्ट समजावताना माझं इंग्रजी संपलं. मी डोळे वटारून दाखवले, ती घाबरली.

मास्टरनं एकच प्रश्न विचारला. "तुमच्या शॉपमध्ये किती बोटं गेली?"

म्हटलं, "चांदभाई कोहळा फोडायला लागल्यापासून एकही नाही."

त्यानं ते कागदावर टिपून घेतलं. मग चांदभाईबद्दल विचारू लागला. वय काय, मुलं किती, शिकलाय का? मी म्हटलं, लिहिता-वाचता येत नाही, पगाराला अंगठा लावतो. आणि इंगेला म्हटलं, सांग त्याला, चांदभाई म्हणतो, सही कुणीही करील, अंगठा दुसऱ्याचा करता येत नाही. तिनं सांगितलं. मास्टरनं आपला थोटा अंगठा वर धरून बघितला आणि हसला. चांगला खो खो हसला.

मला राग आला. माझी काय हवी ती टिंगल करा, चांदभाईची नाही. मी उठून निघून आलो.

७ नोव्हेंबर

सुवेझचा कालवा बंद झाला. तिकडं लढाई पेटली. आता बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाणार, म्हणजे मशीन कधी पोचेल देव जाणे. इंगे म्हणते, मला विमानानं पाठवतील. विमानात बादली देतात का, विचारलं पाहिजे.

२४ नोव्हेंबर

मास्टरनं भोपळ्याचा सूड उगवला. लावलेलं अख्खं मशीन त्यानं चार दिवसांपूर्वी सुटं करायला लावलं आणि म्हणाला, लाव. एकट्यानं. स्वतः स्टुलावर बसून राहिला. मी दात-ओठ खात लावलं, मनात शिव्या देत लावलं. आज संध्याकाळी बटण दाबलं, आणि मशीन सुरू झालं. दांडा घासून मोजला. बरोबर.

मी मास्टरकडं बघितलं. "नोख माल" म्हणणार, आणि मी हातोडा फेकणार, असं ठरवलंच होतं. तो उठला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि घरी गेला. दमला असेल बिचारा.

७ डिसेंबर

उद्या निघायचं. मी इंगेला घेऊन मास्टरकडं गेलो आणि सरळ विचारलं, सही? तो म्हणाला, "मशीनबरोबर येईल."

मशीनबरोबर! म्हणजे हातात काही नाही. वाटेला लावलं मला. ज्याला द्यायची तो हातात देतो. हातमोजे पुन्हा बाकावर होते, तिसऱ्यांदा. रागानं उचलले आणि गेटवर आपटून आलो.

फ्राउ क्लाइन ट्रामपर्यंत आली आणि ट्राम हलल्यावर रुमाल डोळ्यांना लावून उभी राहिली. थंडीनं इथं सगळ्यांचेच डोळे गळतात.

आकुर्डी, १६ डिसेंबर

घरी आलो. हार, पेढे. साहेबांचा पहिला प्रश्न, "सही?" म्हटलं, मशीनबरोबर येतेय. साहेब "हं" म्हणाले. त्या "हं"चा अर्थ मला कळतो.

चिंचवडला बंगल्याची जागा बघून ठेवलीय म्हणे. गोऱ्यासाठी.

१८ मार्च १९५७

तीन महिने लिहिलं नाही. लिहायचं काय? "सही आली का?" हे आकुर्डीतली शेंबडी पोरं विचारू लागली होती. कालपासून मी रस्ता बदलून जातो.

आज मशीन आलं. मुंबईहून ट्रकनं, घाट चढून. साहेब पेट्यांपाशी येऊन उभे राहिले. "आधी सही काढ, मुरारी."

लाकडाचा भुसा उपसला. पेट्या उलथ्यापालथ्या केल्या. जर्मन पुस्तक निघालं, नट आवळायचे पाने निघाले, तेलाची बुधली निघाली. सही नाही. तळाशी कापडात गुंडाळलेले ते लोकरी हातमोजे! मी ओरडलो, "काय हा माणूस! आता पेटीत विसरला!"

साहेब म्हणाले, "उद्याचा दिवस बघू. नाही तर परवा तार करतो, त्यांचा माणूस पाठवा म्हणून." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

घरी येऊन हातमोजे कुशाबाईपुढं टाकले. तिनं उजवा हातात घेऊन उलटापालटा केला. "मास्तरचा अंगठा थोटा हाय म्हन्ला ना तुमी?"

"व्हय."

"मग ह्याला अंगठा पुरा कसा?" तिनं तो माझ्या हातात चढवला. बोटाबोटाला बसला, बेतून विणल्यासारखा. "तुमचंच हायती हे. कुन्या बाईमाणसानं तुमच्यासाठी इनल्यात. तुमी काय केलं तवा?"

मी काय केलं? तीनदा गेटवर नेऊन दिले. तीनदा! पाव आठवला. अंडी आठवली. जिन्यावरचा केक आठवला. मला जेवण गेलं नाही.

१९ मार्च

सकाळपासून मी आणि चांदभाई रॉकेलनं मशीनचं ग्रीस काढत होतो. समोरच्या बाजूचं ग्रीस पुसलं, तर खाली डाग. पिवळा, त्यात लाल. इतका टापटिपीचा माणूस आणि नव्या मशीनला रंगाचा डाग! मी रॉकेलनं घासला, निघेना. पक्का ऑइलपेंट. साहेब मागं येऊन उभे राहिले, म्हणाले, "जुनं मशीन रंगवून पाठवलं की काय?" सही नाही ती नाही, वर मशीनही खोटं!

तेवढ्यात कुशाबाई पूजेचं ताट घेऊन आली. नवं मशीन, सवाशिणीनं हळदीकुंकू लावायचं. ती पुढं झाली, बोट कुंकवात घातलं आणि थांबली.

"हितं आधीच लावलंय की."

"काय?"

"हळदीकुंकू. पर बाईचा हात न्हवं. अंगठ्यानं दाबलंय. आन् अंगठा थोटा हाय."

मी फडकं टाकलं आणि जवळ गेलो. पिवळा गोल. त्यावर लाल ठसा, वरचं पेर नसलेला. जिथं नवमीला मी बोट लावलं होतं, बरोबर तिथं. मी लावलेलं त्यानं पुसलं असणार, आणि मग न पुसलं जाणारं लावलं.

साहेब म्हणाले, "हे ठीक आहे, पण सही कुठाय?"

मी नुसतंच बोट दाखवलं. बोलला तो चांदभाई. "साहेब, पगाराला माझा अंगठा चालतो. मग मशिनीला मास्टरचा का न्हाई चालायचा?"

साहेबांनी चष्मा काढला, वाकले, ठसा बघितला, मग माझं तोंड बघितलं. मी तिथं उभ्या उभ्या लहान पोरागत रडत होतो, ते त्यांना दिसलंच. म्हणाले, "कागद मागवू नंतर. तारेचे पैसे वाचले. फोरमन, लाव तुझं मशीन."

चांदभाईनं कोहळा आणलेला होताच. फोडायच्या आधी माझ्या कानात म्हणाला, "बेटा, जरा लांब उभा ऱ्हा. तुझी ख्याती आइकलीय."

२८ मार्च

मशीन उभं राहिलं. पहिला दांडा बरोबर निघाला, दुसराही. मशीनच्या पुढ्यातून जाताना शॉपमधले सगळे त्या ठशाला हात लावून नमस्कार करू लागलेत. हेबर्ले मास्टरला कळलं तर काय म्हणेल!

त्याला पत्र लिहायला बसलो. त्याच्या भाषेत मला धड तीन शब्द येतात. इंग्रजीत लिहिलं तर इंगे वाचून दाखवील, पण इंगेला काय काय सांगू? हातमोज्यांचं लिहू? केकचं लिहू? फ्राउ क्लाइनला सांग म्हणू, की मी मूर्ख आहे? चार कागद फाडले.

शेवटी कुशाबाईला म्हटलं, ताट आण. कागदावर हळद लावली. अंगठा कुंकवात बुडवला आणि वर दाबला. खाली सही केली नाही. शेपूटही काढलं नाही.

कुशाबाई बघत होती. "फायनल पास झाला ते ह्याच्यासाठी व्हय?"

"व्हय," म्हटलं, आणि पाकीट चिकटवलं.